नकुशी, सोनोग्राफी आणि कायदा

सातारा जिल्ह्यात मुलीवर मुली झाल्या की धाकटीचे नाव ‘नकुशी’ ठेवत. त्यामुळे पुढचा मुलगा होतो, ही समजूत. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर तेच नाव. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

नकुशी निदान जन्माला तरी येत होती. सोनोग्राफी आली आणि नाव ठेवायची वेळच येईना. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. राज्यात ९१३, २०११ मध्ये तोही आकडा ८९४ वर घसरला. ऊस आणि साखर कारखान्यांचा हा सधन कृष्णाकाठ. गरिबीचे कारण इथे चालत नाही; तपासणीची फी परवडणारी घरेच इथे जास्त. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एक विवाहिता दगावली. तपासात ओढ्याजवळ पुरलेली १९ भ्रूणे सापडली.

कायदा मशीनची नोंद ठेवतो, प्रसंगी ते सील करतो. पण दोषी केंद्रे पकडून देण्यासाठी साताऱ्याच्या दलित महिला विकास मंडळाला, अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या पुढाकाराने, गरोदर महिलांना बनावट ग्राहक म्हणून पाठवावे लागले. खरे तर हे सरकारी यंत्रणेचे काम.

घरभेटींत तपासणीबद्दल आमच्याशी कोणी बोलत नाही. ‘दुसरीपण मुलगीच का?’ एवढेच कानावर येते. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या नायगावला न चुकता जाणाऱ्या आपल्या घरांतही.