सातबारा संगणकीकरण (महाराष्ट्र)

गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना १२ (पीक नोंद) मिळून होणारा सातबारा उतारा संगणकावर आणण्याचा महसूल विभागाचा प्रकल्प. संगणक खरेदी हा यातला सोपा भाग. खरी अडचण तलाठ्यांच्या हस्तलिखित दप्तरात होती: खाडाखोड, अपुरी नावे, क्षेत्राचा न जुळणारा मेळ. टंकलेखनात त्यात नव्या चुका मिसळल्या. म्हणून संगणकीकृत उतारे गावकऱ्यांसमोर चावडी वाचनात तपासले गेले. लेखनप्रमाद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५ खाली दुरुस्त होतात.

जमिनीच्या हक्कातील बदल नोंदवणाऱ्या ई-फेरफार प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला की माहिती थेट महसूल यंत्रणेकडे जाते. मात्र नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस आणि मंडल अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण हे टप्पे कायम आहेत; कायद्यानेच ठेवलेली ही सवड केवळ वेगासाठी काढणे इष्टही नव्हे. सर्व्हरच्या संथपणाची तक्रार तलाठी आणि शेतकरी दोघांचीही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. महाभूलेख संकेतस्थळावर विनास्वाक्षरी उतारा केवळ माहितीसाठी पाहता येतो.