चार सेकंदांचें अंतर

चार सेकंद म्हणजे किती अल्प अवधि! दिव्याचें बटण दाबून दाराशीं पोहोंचेपर्यंत तेवढा काळ सहज निघून जातो. परंतु श्रोतेहो, आज ज्या गृहस्थाची हकीकत मी सांगणार आहें, त्यानें एके दिवशीं तीन तासांहून अधिक वेळ जीव धोक्यांत घालून मोटारसायकल हांकली आणि अखेरीस तो चार सेकंदांनीं हरला. जिमी गथ्री हें त्याचें नांव.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ हॉइक नांवाचें गांव आहे. लोकरीच्या विणकामाबद्दल तें प्रसिद्ध. तेथें १८९७ सालीं गथ्रीचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धांत तो सैन्यांत होता. तेथून परतल्यावर त्यानें भावाबरोबर मोटारींचा धंदा चालविला. शर्यतीच्या क्षेत्रांत तो उशिरां आला आणि आल्याबरोबर चमकला असेंहि नाहीं. १९२३ सालची त्याची पहिली मोठी शर्यत अर्धवटच राहिली. पहिला विजय १९३० सालीं मिळाला, तेव्हां त्याचें वय तेहेतीस वर्षांचें होतें. ज्या वयांत इतर लोक घरीं बसण्याचा विचार करूं लागतात, त्या वयांत याचा खरा उदय झाला.

ही शर्यत म्हणजे मॅन बेटावरील सुप्रसिद्ध टूरिस्ट ट्रॉफी. ब्रिटनमध्यें सार्वजनिक रस्ते बंद करून शर्यती भरविण्यास कायद्यानें मनाई होती. मॅन बेटाचें विधिमंडळ निराळें असल्यानें तेथें ती अडचण नव्हती. म्हणून १९०७ सालापासून ही शर्यत तेथें भरूं लागली. एक फेरा जवळजवळ ३७¾ मैलांचा, आणि त्या काळीं सीनिअर शर्यतींत असे सात फेरे असत. रस्ता खेड्यांतून, घरांच्या भिंतींना घासून जाणारा, आणि पुढें डोंगराच्या खांद्यावर चढणारा. स्वार एकदम सुटत नाहींत. ठराविक अंतरानें एकेक सुटतो. त्यामुळें रस्त्यावर जो पुढें दिसतो तो खरोखरीच पुढें असेल असें नाहीं. स्वाराचा खरा प्रतिस्पर्धी घड्याळांत बसलेला असतो.

१९३५ सालीं गथ्री नॉर्टन कंपनीच्या गाडीवर होता. आदल्या वर्षीं ज्युनिअर व सीनिअर या दोन्ही शर्यती त्यानें जिंकल्या होत्या. त्याच्याशीं सामना होता डब्लिनच्या स्टॅन्ली वूड्सचा. वूड्स पूर्वीं नॉर्टनच्याच पथकांत होता. आतां तो मोतो गुझ्झी या इटालियन गाडीवर आला होता. या गाडीच्या मागच्या चाकालाहि स्प्रिंगा होत्या. नॉर्टनचें मागचें चाक सांगाड्याला घट्ट जखडलेलें. त्यामुळें खडबडीत रस्त्यावर चाक उडे आणि स्वाराचीं हाडें खिळखिळीं होत.

गथ्रीचा क्रमांक पहिला, वूड्सचा तिसावा. दोघांच्या सुटण्यांत साडेचौदा मिनिटांचें अंतर. सहावा फेरा संपला तेव्हां गथ्री २६ सेकंदांनीं पुढें होता. वूड्सच्या माणसांनीं पेट्रोल भरण्याची सर्व सिद्धता केली होती. तो थांबणार आणि आणखी वेळ गमावणार, असें नॉर्टनच्या लोकांनीं गृहीत धरलें. परंतु वूड्स थांबलाच नाहीं. तो तसाच निघून गेला! गथ्रीनें तेव्हां अर्ध्याहून अधिक अखेरचा फेरा कापला होता. त्याला सावध करण्यास फार उशीर झाला होता.

गथ्री पोहोंचला. अभिनंदनें सुरू झालीं. तो गाडीवरून उतरला, आणि मग जवळजवळ साडेचौदा मिनिटें वाट पाहाणें आलें. तेवढ्या अवधींत वूड्सनें नवा उच्चांक करून फेरा पुरा केला. घड्याळें ताडून पाहिलीं, तों विजय चार सेकंदांनीं वूड्सचा! १९११ नंतर परदेशी गाडीनें सीनिअर शर्यत जिंकल्याचा हा पहिलाच प्रसंग.

पराभवापासून कोण काय शिकतो यावरच त्याची किंमत ठरते. दुसऱ्या वर्षीं नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांच्या मागच्या चाकांना स्प्रिंगा आल्या. १९३६ च्या सीनिअर शर्यतींत गथ्रीनें वूड्सला अठरा सेकंदांनीं मागें टाकलें. १९३७ सालीं त्यानें ज्युनिअर शर्यत जिंकली. बेटावरील हा त्याचा सहावा विजय. त्याच आठवड्यांत सीनिअर शर्यतींत मात्र डोंगराच्या चढणीवर गाडी बिघडली आणि त्याला थांबावें लागलें. त्या बेटावरील ती त्याची अखेरची शर्यत ठरली.

कारण दोनच महिन्यांनीं, ८ ऑगस्ट १९३७ रोजीं, जर्मनींत साक्सेनरिंगवर तो अखेरच्या फेऱ्यांत सर्वांच्या पुढें असतां त्याची गाडी रस्ता सोडून गेली. गथ्री त्याच दिवशीं मरण पावला. वय चाळीस. अपघाताच्या कारणाविषयीं पुढें कित्येक वर्षें वाद होत राहिला. त्याचा निर्णय करणें आपल्या हातीं नाहीं.

मॅन बेटावरील त्या रस्त्यानें आजवर अडीचशेंहून अधिक स्वारांचे बळी घेतले आहेत. या धोक्यामुळेंच १९७६ नंतर ही शर्यत जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेंतून वगळण्यांत आली. तेव्हां अशा धाडसाची मुक्तकंठानें स्तुति करतांना कोणाचीहि जीभ थोडी अडखळावी हें योग्यच आहे. हॉइकच्या त्या घरीं काय गेलें, याचा हिशेब कोणत्याच घड्याळांत मांडतां येत नाहीं.

तरीहि एक गोष्ट मनांत राहाते. गथ्रीचें स्मारक मॅन बेटावर आहे. पण तें विजयाच्या रेषेपाशीं नाहीं. डोंगराच्या चढणीवर, जेथें त्याची गाडी बंद पडली आणि तो निमूटपणें थांबला, त्या जागीं तें उभारलें आहे. तेथून आजहि स्वार भरधांव जातात. चार सेकंदांत तें मागें पडतें.