जुन्या कोडचे नूतनीकरण : जीएमआरटी, पुणे

जुन्या कोडचे नूतनीकरण म्हणजे वापरात असलेली जुनी आज्ञावली, तिचे मूळ काम कायम ठेवून, प्रोग्रॅमिंग भाषेच्या नव्या आवृत्तीवर आणि नव्या लायब्ररींवर आणणे. लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या क्रियांसाठी आधीच लिहून तपासलेला कोड. लायब्ररीची देखभाल थांबली, की तिच्यावर विसंबलेली आज्ञावली नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेनाशी होते. संशोधनात याची किंमत मोठी असते, कारण आज्ञावली बंद पडली की तिच्या आधारे काढलेले निष्कर्ष पुन्हा पडताळता येत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही दुर्बीण या कामाचे बोलके उदाहरण आहे.

पार्श्वभूमी : गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किमी.वर, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीकडून आलेल्या संकेतांची नोंद होते आणि आकाशाची प्रतिमा या नोंदींवर गणित करून मिळते. त्यामुळे कोडमधला बदल थेट प्रतिमेत उतरतो. दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी २००२ मध्ये खुली झाली. तेव्हा डेटावर प्रक्रिया करण्यासाठी प्रामुख्याने ‘एप्स’ हे पॅकेज वापरले जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत १९७०च्या दशकाअखेरीस त्याचा विकास सुरू झाला. त्याचा मुख्य भाग फोर्ट्रानमध्ये आहे. पुढे आलेल्या ‘कासा’ या पॅकेजचा गाभा सी++ मध्ये असून आज्ञा पायथॉनमधून द्याव्या लागतात.

नूतनीकरणाची कारणे : पहिले कारण दुर्बिणीतच घडले. सुधारित जीएमआरटीत एका वेळी नोंदवता येणारी बँडविड्थ, म्हणजे वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी, ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. अरुंद पट्ट्यात रेडिओस्रोताची तेजस्विता सर्व वारंवारतांना सारखीच धरून चालत असे. एवढ्या रुंद पट्ट्यात ते गृहीतक टिकत नाही आणि वारंवारतेनुसार होणारा बदलही गणितात घ्यावा लागतो. दुसरे कारण बाहेरचे होते. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि कासाची ६ वी आवृत्ती पायथॉन ३ वर आली.

पद्धती : नूतनीकरणाच्या दोन वाटा येथे दिसतात. पहिली वाट म्हणजे जुना गाभा तसाच ठेवून त्याला नव्या भाषेतून चालवणे. कमी वारंवारतेच्या निरीक्षणांत आयनांबरामुळे येणारी विकृती काढणारी ह्यूब इंटेमा यांची ‘स्पॅम’ ही प्रणाली एप्सच्या जुन्या क्रिया पायथॉनमधून चालवते. दुसरी वाट म्हणजे प्रक्रिया नव्या पॅकेजवर बांधणे. रुता काळे आणि सी. एच. ईश्वरचंद्र यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘कॅप्चर’ ही पाइपलाइन, म्हणजे प्रक्रियेचे टप्पे क्रमाने चालवणारी आज्ञावली, कासावर उभी आहे. पुढे तिची कासा ६ साठीची आवृत्तीही खुली करण्यात आली. दुर्बिणीचा मूळ डेटा मात्र ‘एलटीए’ या तिच्या स्वतःच्या स्वरूपात असतो. तो फिट्स या प्रमाणित स्वरूपात आणायला ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ हेच जुने प्रोग्रॅम लागतात. बदलण्याची गरज नसलेले भाग ओळखणे हाही नूतनीकरणाचाच भाग आहे.

अडचणी : काही बदल यांत्रिक असतात. पायथॉन ३ मध्ये ‘प्रिंट’ला कंस लागतात आणि काही लायब्ररींची नावे बदलतात. असे बदल ‘टू-टू-थ्री’ सारखी साधने आपोआप करून देतात. कासाच्या जुन्या ‘क्लीन’ या क्रियेची जागा ‘टीक्लीन’ने घेतली, तेव्हा तिच्या पर्यायांची नावेही बदलली; ‘मोड’चे ‘स्पेकमोड’ झाले आणि ‘मल्टिस्केल’चे ‘स्केल्स’. हे बदल हाताने करावे लागतात, पण चुकले तर आज्ञावली लगेच थांबते आणि चूक सापडते. खरा धोका भागाकारात असतो. पायथॉन २ मध्ये ७ भागिले २ याचे उत्तर ३ येते, पायथॉन ३ मध्ये ३.५. समजा, वारंवारतेच्या पट्ट्याचे भाग असलेल्या २,०४८ चॅनलांपैकी मधला चॅनल भागाकाराने काढला. जुन्या कोडमध्ये १०२४ हा पूर्णांक मिळेल, नव्यात १०२४.० हा अपूर्णांक प्रकारचा आकडा. तो चॅनलनिवडीच्या आज्ञेत गेला की काम अडेल, आणि हे तरी बरे. तोच भागाकार सरासरीच्या सूत्रात असेल तर काहीही न अडता उत्तर बदलते. कोड लिहिणाऱ्याला पूर्णांक हवा होता की अपूर्णांक, हे टू-टू-थ्रीला कळत नाही. सूत्र समजणाऱ्या माणसालाच प्रत्येक ओळ वाचावी लागते.

पडताळणी : जुनी आणि नवी आज्ञावली एकाच निरीक्षणावर चालवणे हा भरवशाचा मार्ग. ३सी४८, ३सी१४७ आणि ३सी२८६ या प्रमाण स्रोतांची तेजस्विता, प्रतिमेतील नॉइज आणि बाद ठरवलेल्या नोंदींचे प्रमाण यांची तुलना करतात. लायब्ररी बदलली की बेरजेचा क्रम बदलू शकतो, म्हणून शेवटच्या दशांश स्थानी किंचित फरक येणे स्वाभाविक आहे. किती फरक चालेल हे आधीच ठरवावे, कारण निकाल पाहून मर्यादा ठरवली तर पडताळणीला अर्थ उरत नाही.

महत्त्व : २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर टीजीएसएस हे आकाशसर्वेक्षण केले. त्याच निरीक्षणांवर स्पॅमने नव्याने प्रक्रिया करून २०१७ मध्ये सुमारे ९० टक्के आकाशाचा आणि ६.२ लाख स्रोतांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यासाठी नवे निरीक्षण करावे लागले नाही. जीएमआरटीच्या संग्रहातील जुनी निरीक्षणे आजही संशोधकांना उपलब्ध आहेत. ती वाचणारा कोड चालता राहिला, तरच त्यांचा उपयोग. म्हणून नूतनीकरण ही सवडीने करायची डागडुजी नव्हे. दुर्बिणीच्या देखभालीइतकाच वेळ, पैसा आणि जाणती माणसे त्यासाठी राखून ठेवायला हवीत आणि ते करणाऱ्यांना संशोधक म्हणून श्रेय मिळायला हवे.