निरोप वाहून का जात नाही?

पायात काटा मोडला की काही तासांत तिथे पांढऱ्या पेशी जमतात. त्यांना वाट कोण दाखवते? १९६२ साली स्टीफन बॉयडन यांनी सूक्ष्म छिद्रांचा पडदा लावून दोन कप्पे केले. वर पेशी, खाली रसायन. पेशी छिद्रांतून रसायनाकडे सरकल्या! अशाच कप्प्यांच्या मदतीने १९८७ मध्ये पेशींना बोलावणारे एक प्रथिन हाती लागले. अशा प्रथिनांना पुढे केमोकाइन म्हणू लागले. केमोकाइन पेशीवरच्या ग्राहकाला जोडले गेले की पेशी चालू लागते.

पण कप्प्यातले पाणी स्थिर, रक्त वाहते. मग निरोप वाहून का जात नाही? रक्तवाहिनीच्या अस्तरावर लांब शर्करा-साखळ्या असतात, त्या केमोकाइनना धरून ठेवतात. २००३ मध्ये अमांडा प्राउडफूट आणि सहकाऱ्यांनी तीन केमोकाइनमधला साखळ्यांना चिकटणारा भागच बदलला. कप्प्यात पेशी तरीही चालल्या. उंदराच्या उदरपोकळीत मात्र ही प्रथिने टोचली, तर पेशी जमल्याच नाहीत.

यात बॉयडन यांचा दोष नाही. कप्पा इतका साधा होता, म्हणूनच ही तफावत दिसली.