पूर्वविद्यमान आजार (प्रवास विमा)

पूर्वविद्यमान आजार म्हणजे विम्याचा करार सुरू होण्यापूर्वीच विमाधारकास असलेला, निदान झालेला अथवा ज्यावर वैद्यकीय सल्ला किंवा उपचार घेतलेला आहे असा आजार, दुखापत वा शारीरिक स्थिती. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा आणि मूत्रपिंडाचे विकार ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. परदेश प्रवासाच्या विम्यात वैद्यकीय खर्चाचा दावा नाकारला गेल्यास बऱ्याचदा वाद याच मुद्द्यावर येऊन ठेपतो.

या विषयात दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत केली जाते. आजाराची माहिती विमा कंपनीला देणे हा एक प्रश्न, आणि त्या आजारावरील खर्च विम्यात समाविष्ट असणे हा दुसरा. आजार सांगितला म्हणून त्याला संरक्षण मिळतेच असे नाही, कारण पॉलिसीच्या अटींमध्ये तो वगळलेला असू शकतो. उलट, एखादा आजार तसाही वगळलेला आहे म्हणून तो सांगण्याची गरज नाही, ही समजूतही चुकीची आहे. दडवलेल्या माहितीमुळे कंपनीने जोखीमच स्वीकारली नसती असे ठरले, तर संपूर्ण करार धोक्यात येऊ शकतो.

तत्त्वाचा उगम

विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार मानला जातो. सामान्य खरेदी-विक्रीत ग्राहकाने स्वतः चौकशी करून घ्यावी अशी अपेक्षा असते. विम्यात मात्र जोखमीविषयीची बहुतेक माहिती विमा घेणाऱ्याकडेच असल्याने ती त्याने होऊन उघड करावी, असे हे तत्त्व सांगते. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात ते मांडले. खटला सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्याचा होता. तेथील गव्हर्नरने किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरवला होता आणि पुढे फ्रेंचांनी तो खरोखरच घेतला. किल्ल्याची दुर्बलता लपवली, असा विमाकर्त्याचा आक्षेप होता. माहिती दडवण्याविरुद्धचा हा आधारभूत निकाल प्रत्यक्षात विमाधारकाच्या बाजूने लागला, ही बाब सहसा विसरली जाते. जे विमाकर्त्याला ठाऊक आहे किंवा असायला हवे, ते सांगण्याचे बंधन विमाधारकावर नाही, असे मॅन्सफिल्ड यांनी त्याच निकालात म्हटले होते.

भारतातील स्थिती

भारतात हे तत्त्व सागरी विमा अधिनियम, १९६३ च्या कलम १९ व २० मध्ये शब्दबद्ध झाले आहे. आरोग्य व प्रवास विम्याला ते मुख्यतः न्यायालयीन निकालांमधून लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आरोग्य विम्याच्या एका प्रकरणात ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ म्हणजे काय हे स्पष्ट केले. हप्ता ठरवताना किंवा जोखीम स्वीकारावी की नाही हे ठरवताना विवेकी विमाकर्त्याच्या निर्णयावर जिचा परिणाम होईल, ती महत्त्वाची वस्तुस्थिती होय. त्या प्रकरणात जुना मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार प्रस्ताव अर्जात नमूद नव्हता आणि दावा नाकारणे योग्य ठरवण्यात आले. २०१५ मधील आयुर्विम्याच्या एका निकालात मात्र, दडवलेल्या पाठीच्या दुखण्याचा मृत्यूस कारण ठरलेल्या हृदयविकाराशी संबंध नसल्याने, विम्याची रक्कम नाकारता येणार नाही असे न्यायालय म्हणाले.

प्रवास विम्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल ६ डिसेंबर २०२१ चा आहे. न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठापुढे आलेल्या या प्रकरणात २००९ साली अमेरिकेस गेलेल्या एका प्रवाशाला तेथे पोहोचताच हृदयाचा त्रास झाला आणि अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवावे लागले. आपल्याला मधुमेह असल्याचे त्याने विमा घेतानाच सांगितले होते व कंपनीच्या पद्धतीप्रमाणे वैद्यकीय तपासणीही झाली होती. तरीही मधुमेह व रक्तातील वाढलेली चरबी हे पूर्वविद्यमान आजार आहेत असे म्हणून दावा फेटाळला गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कंपनीचे म्हणणे मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. विमाधारकाने आजार सांगितल्यावर, त्याच्या प्रकृतीचे मूल्यमापन करून कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर तोच आजार पुढे करून तिला दावा नाकारता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. अर्जातला एखादा रकाना कोरा राहिला असेल, तर तो भरून घेणे कंपनीचे काम आहे. तसे न करता हप्ता स्वीकारल्यास माहिती दडवल्याचा आक्षेप नंतर घेता येत नाही, हेही निकालात नमूद आहे. अर्ज बहुधा एजंट भरतो आणि ग्राहक फक्त सही करतो, अशा देशात हा मुद्दा लहान नाही.

प्रवास विम्याचे वेगळेपण

नेहमीच्या आरोग्य विम्यात पूर्वविद्यमान आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. दोन आठवडे किंवा दोन महिन्यांच्या प्रवास पॉलिसीत असा काळ कधी पूर्णच होऊ शकत नाही. म्हणून तिथे पूर्वविद्यमान आजार एकतर सरसकट वगळलेला असतो, किंवा जादा हप्ता घेऊन समाविष्ट केलेला असतो, किंवा केवळ जिवावर बेतलेल्या प्रसंगी ठरावीक रकमेपर्यंत त्याचा खर्च दिला जातो. ही शेवटची मर्यादा पॉलिसीच्या मुख्य रकमेहून पुष्कळ कमी असते आणि ती जाहिरातीत नव्हे, अटींच्या तक्त्यात सापडते.

व्हिसासाठी पुरेशी पॉलिसी आजारासाठीही पुरेशी असतेच असे नाही. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते. पण ती अट पूर्ण करणाऱ्या पॉलिसीतही प्रवाशाचा जुना विकार वगळलेला असू शकतो.

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तेथील कंपन्यांच्या पॉलिसीही घेतल्या जातात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या ज्येष्ठांची यात मोठी संख्या असते. या पॉलिसींमध्ये ‘पूर्वविद्यमान आजाराचा आकस्मिक उद्रेक’ अशी संज्ञा आढळते. पूर्वसूचना न देता अचानक उद्भवलेला आणि पुष्कळदा २४ तासांच्या आत उपचार घेतलेला प्रसंगच त्यात बसतो. हळूहळू वाढत गेलेला त्रास, नेहमीची तपासणी किंवा रोजची औषधे त्यात येत नाहीत. वयाची मर्यादाही बहुधा असते.

ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने वैयक्तिक ग्राहकाचे कर्तव्य बदलले. त्याने आपणहून सर्व काही सांगावे ही अपेक्षा आता नाही. विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर देणे पुरेसे आहे. निष्काळजीपणे चूक झाली आणि खरे उत्तर दिले असते तर १०० पौंडांचा हप्ता लागला असता, पण भरले ६० पौंड, असे झाल्यास दाव्याच्या ६० टक्के रक्कम देता येते. हेतुपुरस्सर दडवल्यास मात्र करारच रद्द करता येतो.

दाव्याची छाननी

परदेशी रुग्णालयात दाखल होताच पॉलिसीवर दिलेल्या मदत केंद्राला कळवावे लागते. त्यानंतर कंपनी जे कागद मागवते त्यांत सर्वांत निर्णायक ठरतो तो दाखल होतानाचा पूर्वेतिहासाचा तक्ता. ‘किती वर्षे रक्तदाब आहे, कोणती गोळी चालू आहे’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला रुग्ण किंवा नातेवाईक घाईगडबडीत जे उत्तर देतात, ते तिथे लिहिले जाते आणि अर्जातील ‘नाही’ या खुणेशी ताडून पाहिले जाते. अंदाजाने सांगितलेली ‘दहा वर्षे’ पुढे खोडून काढणे अवघड जाते. भारतातील जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड व कुटुंबाच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्रही मागवले जाते. आजार दडवला गेला होता हे दाखवण्याचा भार कंपनीवर असतो.

दाद मागण्याचे मार्ग

दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क जाता येते; मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. लोकपालाची मर्यादा नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० लाखांवरून ५० लाख रुपयांवर नेण्यात आली. अमेरिकेतील हृदयशस्त्रक्रियेचे बिल ती सहज ओलांडू शकते. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आयोगाचा स्तर मागितलेल्या रकमेवरून नव्हे, तर भरलेल्या मोबदल्यावरून ठरतो. प्रवास विम्याचा हप्ता काही हजार रुपयांचाच असल्याने, दावा कोटीचा असला तरी तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते.