कोणाचा रे तू?

सिडकोच्या कुठल्याही जुन्या वसाहतीत जा, वाशी काय नि नेरूळ काय, रविवारी दोन इमारतींच्या मधल्या जागेत क्रिकेट चालू असतंच. चेंडू खिडकीवर बसला की पहिला प्रश्न येतो, "कोणाचा रे तू?" नाव नाही विचारत, बाप विचारतात! काच मुलाने फोडली तरी पैसे बापाने द्यायचे, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. पण कायदा तसं म्हणतो का?

गंमत म्हणजे आपला जुना कायदा बरोबर उलटा होता. याज्ञवल्क्य स्मृतीप्रमाणे बापाचं कर्ज मुलाने फेडायचं. मुलाचं कर्ज मात्र बापावर नाही. कुटुंबासाठी काढलेलं असेल तरच. (बापाने दारू-जुगारापायी केलेल्या कर्जातून मुलगा सुटे, एवढीच काय ती दया.) मुंबई इलाख्यात तर बापामागे फुटकी कवडी उरली नसली तरी मुलाला कर्ज चुकत नसे. १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती आणली. केवळ मुलाचं धर्मकर्तव्य म्हणून वसुली करणं तर २००५ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरतं बंदच केलं.

मग काचेचं काय? फ्रान्सने १८०४ च्या नागरी संहितेतच मुलांनी केलेलं नुकसान आईबापांच्या माथी मारलं. आपल्याकडे आला तो इंग्रजांचा नियम. त्यात बाप केवळ बाप आहे म्हणून देणं लागत नाही. त्याने मुलाकडून ते करवून घेतलं असेल, किंवा लहान पोराच्या हाती छऱ्याची बंदूक देऊन लक्ष ठेवलं नसेल, तर ती त्याची स्वतःची चूक. आजही आपल्याकडे ढोबळमानाने हेच चालतं. म्हणजे काच फुटलेल्या शेजाऱ्याने बापाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करायचा. एका काचेसाठी कोण जातंय!

बाल न्याय कायद्यात (२०१५) मंडळ पालकांना दंड करू शकतं, पण दंड म्हणजे काही शेजाऱ्याची भरपाई नव्हे.

खरा बदल झाला २०१९ मध्ये. मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन जीव गेले आणि मुलाच्या वडिलांना अटक झाली, तेव्हा पालकांवरही गुन्हा होतो हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

छऱ्याची बंदूक काय, पोर्शे काय, कायदा "कोणाचा रे तू?" असं विचारत नाही. तो विचारतो, "हे तुझ्या हातात दिलं कोणी?" मला हा प्रश्न जास्त रास्त वाटतो. पोरगं कसं निघावं हे पूर्णपणे आईबापांच्या हातात नसतं. गाडीची किल्ली कुठे ठेवायची, हे असतं.

आणि काच? तिचे पैसे कायद्यासाठी नाही, शेजारासाठी द्यायचे. ते देताना पोराला सोबत न्यावं, म्हणजे झालं.