एका दिवसामागची कारकीर्द : नेव्हिल डिसोझा आणि मुंबईचे कंपनी-फुटबॉल

चिमूर हे नाव उच्चारताच इतिहासाच्या अभ्यासकास १६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस आठवतो. चांदा जिल्ह्यातील या गावाला त्या दिवसापूर्वी शतकांचे जीवन होते. तेथील बालाजीचे देवस्थान, घोडायात्रा, विणकरांचे माग, भोवतालच्या अरण्याशी जडलेले व्यवहार हे सर्व त्या जीवनाचे घटक होत. परंतु ज्या घटनेची नोंद शासनाने, न्यायालयाने व वृत्तपत्रांनी घेतली, तीच लोकस्मृतीत उरली आणि बाकीचे जीवन तिच्या छायेत गेले. एका दिवसाने गाजलेल्या स्थळाचे जे होते तेच पुष्कळदा व्यक्तीचेही होते. मुंबईचे फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा (१९३२–१९८०) यांची कारकीर्द हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे.

तो दिवस १ डिसेंबर १९५६ हा होय. मेलबर्न ऑलिंपिकमधील उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव केला. त्या चार गोलांपैकी तीन डिसोझा यांनी केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले, आणि उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई संघ होण्याचा मान भारतास मिळाला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध उत्तरार्धातील पहिला गोलही त्यांचाच होता. भारताची ही आघाडी मात्र अल्पकाळच टिकली आणि सामना १–४ असा गमवावा लागला. या पराभवाचे मोल जाणण्यासाठी चार वर्षे मागे पाहिले पाहिजे. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे याच युगोस्लाव्हियाने भारतावर १०–१ असा विजय मिळविला होता. त्यानंतरच अनवाणी खेळण्याची प्रथा मोडून बूट सक्तीचे करण्यात आले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिस्तीचाही संघाच्या प्रगतीत मोठा वाटा होता. पुढे बल्गेरियाकडून ०–३ असा पराभव होऊन भारताचे कांस्यपदक हुकले. तथापि चार गोलांसह डिसोझा हे स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. उरलेले दोघे बल्गेरियाचे मिलानोव्ह व युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोव्हिच हे होत.

एवढे वृत्त सर्वत्र आढळते. परंतु या आघाडीच्या खेळाडूचा चरितार्थ कशावर चालत होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांपाशी खेळाडूंसाठी दोनच शब्द होते : ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’. यांपैकी दुसऱ्यास नाटकाच्या क्षेत्रातून आलेली किंचित तुच्छतेची छटा होती. ‘व्यावसायिक’ हा सोज्ज्वळ पर्याय पुढे रूढ झाला. डिसोझा या दोन्ही कोटींत बसत नाहीत. ऑलिंपिकच्या नियमानुसार ते हौशी होते. पण टाटा स्पोर्ट्‌स क्लब आणि कॅल्टेक्स हे त्यांच्या कारकिर्दीतील दोन प्रमुख संघ उद्योगसंस्थांचे होते. अशा संघांतील खेळाडूच्या स्थितीचे वर्णन करणारा खरा मराठी शब्द तिसराच आहे. तो म्हणजे ‘नोकरी’.

या व्यवस्थेची घडण ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मुंबईतील रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली तेव्हा ती मुख्यतः ब्रिटिश लष्करी पथकांची होती. भारतीय संघास तो चषक प्रथम लाभला १९३७ मध्ये, तोही बंगलोर मुस्लिम्स या संघास. स्वातंत्र्यानंतर गोरी पथके गेली आणि त्यांची जागा पोलीस, रेल्वे व मोठ्या कंपन्या यांनी घेतली. रहीम यांच्याच हाताखालील हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. १९५८ मध्ये तो कॅल्टेक्सने पटकाविला. खेळाडूस पगार मिळे तो कर्मचारी म्हणून. खेळाचा मोबदला असे त्यास कोणी म्हणत नसे. ही तडजोड केवळ भारतीय नव्हती. मिलानोव्ह हे सोफियातील सैन्यदलाच्या संघाचे खेळाडू होते आणि तेही कागदोपत्री हौशीच होते.

या नोकरीने खेळाडूस दिले ते थोडे नव्हते. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील डिसोझा भारतासाठी खेळत होते तेव्हा गोमंतक पोर्तुगीज अमलाखालीच होते. तो मुक्त झाला १९६१ मध्ये. उपजीविकेसाठी मुंबईत आलेल्या गोमंतकीय समाजात अशा संघातील जागा म्हणजे खेळ आणि पोट यांचा मेळ होता. परंतु नोकरी एक गोष्ट देऊ शकत नव्हती. ती गोष्ट म्हणजे स्मृती. कलकत्त्याचे मोहनबागान (१८८९) किंवा ईस्ट बंगाल (१९२०) हे सभासदांचे क्लब होत. त्यांचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या आपल्या खेळाडूंच्या कथा सांगतात, कारण त्या कथा त्यांच्या स्वतःच्या असतात. कंपनीच्या संघास असा वारसा नसतो. कॅल्टेक्सचा भारतातील उद्योग १९७६ च्या अखेरीस शासनाने ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. ज्या नावाखाली खेळ झाला ते नावच मालकीबरोबर पुसले गेले. रोव्हर्स चषकाची परंपराही २००१ नंतर खंडित झाली.

यावरून असे दिसते की, डिसोझा यांची कारकीर्द एका दिवसात आटोपली नव्हती. तिच्या उरलेल्या दिवसांना सांभाळणारी संस्था मात्र मागे राहिली नाही. ऑलिंपिकने आपल्या दप्तरात तीन गोल जपले. कूपरेजच्या मैदानावरील असंख्य सायंकाळी जपणारे दप्तर कोणाचेच नव्हते. १९८० मध्ये, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच डिसोझा निवर्तले. मेलबर्नमधील आपल्या खेळाची कथा सविस्तर सांगण्यास त्यांना पुरेसे वार्धक्यही लाभले नाही.

क्रीडेच्या इतिहासकाराने म्हणूनच गोलांच्या मोजदादीपाशी थांबू नये. पगारपत्रके, कार्यालयीन स्पर्धांची कात्रणे, सहकाऱ्यांच्या आठवणी ही साधने गोळा केल्यावाचून ‘नोकरी’ या शब्दामागे दडलेले फुटबॉल प्रकाशात येणार नाही. चिमूरचा इतिहास जसा एका नागपंचमीच्या आधीही होता आणि नंतरही, तसाच नेव्हिल डिसोझा यांचा इतिहासही मेलबर्नच्या त्या दिवसाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे.